शिजलेल्या हळदीचे मायक्रॉन

मी लिहावं असं माझ्याकडे काही आहे का, ही शंका अजून गेलेली नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शब्द कुठं चुकले तर सांभाळून घ्या.

कुरुंद्याजवळ आमची हळदीची शेती आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली एखाद्या पुडीचे कण मोजायचे होते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, आणि त्याचाही हजारावा भाग नॅनोमीटर. मायक्रॉन आमच्या कॉलेजात मोजता यायचे. नॅनोमीटरपर्यंत पोचणारं यंत्र विद्यापीठात होतं, आणि उन्हाळ्यात तिथं काम शिकायला आमच्यातल्या एकालाच जागा होती. ती मी माझीच धरून चाललो होतो. मी घरची हळद मोजणार होतो ना!

माझा बाकावरचा जोडीदार कळमनुरीचा. वडील पुजारी, काका कचेरीत, घरात पुस्तकांचं कपाट. भिंगातली बारीक पट्टी तो एका नजरेत जुळवायचा; माझा डोळा पाण्यानं भरून यायचा. त्याचं सगळंच मला सलायचं. त्यानंही हळदच घेतली, आणि मागितली माझ्याकडेच. मी शेतातले ओले कंद आणून दिले.

पुढच्या आठवड्यात तो पूड घेऊन आला.

"कुठं शिजवलीस?" मी विचारलं.

"शिजवायची असते? मी तर चकत्या करून गच्चीवर वाळवली."

मी पोट धरून हसलो. "अरे महाराज, देवाला हळद वाहण्यात पिढ्या गेल्या तुमच्या, अन् ती शिजवतेत हे ठाव न्हाई?"

"आमच्याकडे ती डब्यातच येते बाबा."

माझं हसू तासभरही टिकलं नाही. त्याच्या काचेवर लंबगोल कण सुटे सुटे पडले होते, एकेकाची कड स्वच्छ. पट्टीवर वीस-तीस मायक्रॉन. माझ्या काचेवर नुसती ढेकळं. एक कण कुठं संपतो तेच कळेना. सरांनी डोकावून पाहिलं.

"शिजवल्यावर आतला स्टार्च फुगतो, एकमेकांत मिसळतो. सुटे कण राहतीलच कसे?"

म्हणजे माझ्या आईबापानं बराबर शिजवली म्हणून माझी हळद मोजता येईना, आणि ज्याला काहीच माहीत नव्हतं तो शेजारी बसून आकडे लिहून राहिला होता. कंदही माझेच. त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही. शेवटी मी ढेकळंच मोजली, त्यांच्या आकृत्या काढल्या. सरांनी सगळ्यांचे अहवाल त्या जागेच्या निवडीसाठी विद्यापीठात पाठवले. नंतर तो भेटला की विचारायचा, "काही कळलं का रे?" मला कळलं नव्हतंच, पण त्यालाही कळलेलं नाही याचंच मला बरं वाटायचं.

एप्रिलात शेतात हळद शिजवायचा मोठा कुकर पेटला होता. मी वाफेत उभा असताना त्याचा फोन आला.

"माझं झालं रे," तो हळूच म्हणाला. मग थांबून, "त्यांनी तुझा अहवालही वाचलाय. ती ढेकळं मोठ्या यंत्राखाली बघायची म्हणतात. तुझ्या घरची थोडी हळद देशील?"

"ये, घेऊन जा," म्हणालो.

आईनं विचारलं, "काय झालं रे?"

"आपली हळद विद्यापीठात चालली."

"अन् तू?"

"मी न्हाई, आई. तो चाललाय."