शेजारणीची फुली

रूथ गेली, हे तिच्या मुलीनं आमच्या दारात उभं राहून सांगितलं. मला रडू नंतर आलं, आधी लाज वाटली.

डब्लिनच्या क्लोनडॉकिन उपनगरातल्या आमच्या दोन घरांत एक भिंत सामाईक. रूथ कृष्णवर्णीय अमेरिकन, निवृत्त नर्स. माझी पुरणपोळी तिला ‘ग्रँड’ वाटायची आणि तिचा बिनसाखरेचा चहा मला काढा. तिच्या स्वयंपाकघरात एका जुन्या जबाबाची प्रत फ्रेम करून लावलेली होती. खाली सहीच्या जागी वाकडी फुली. ती तिच्या खापरपणजीची असणार, असं मी धरून चालले होते. “छे, शेजारणीची,” रूथ म्हणाली. खापरपणजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिक म्हणून लढून मेले. पेन्शन कायद्यानं सगळ्याच विधवांना होती, पण खापरपणजीला विचारलं, लग्नाचा पुरावा काय? गुलामांच्या लग्नाला कुठला आलाय कागद! शेजारीण साक्ष देणार होती. आदल्या दिवशी तोंडं झाकलेले गोरे घोडेस्वार आले, त्यांनी तिला झाडाला बांधून चाबकानं पाठ सोलली, घर पेटवलं. दुसऱ्या दिवशी ती रक्तानं चिकटलेल्या कपड्यांत मैलोन् मैल चालत गेली आणि फुली मारून आली...

गेल्या वसंतात, भरदुपारी, तीन पुरुषांनी रूथचं दार लाथांनी फोडलं. “जा तुझ्या देशात!” एकानं वीट तिच्या तोंडावर हाणली. ती पायरीवर कोसळली तरी लाथा थांबल्या नाहीत. मी वरच्या खिडकीत होते. वीटवाल्याला मी ओळखत होते, रोज दुकानात दिसायचा. फोन मीच केला, पण गार्डा, म्हणजे इथला पोलीस, चौकशीला आला तेव्हा नवरा, सुहास, कुजबुजला, “अगं, सिटिझनशिपचा अर्ज आत आहे. कशाला भानगडीत पडतेस?” मी सांगितलं, मला काही दिसलं नाही.

केस तिथंच अडली. रूथ एक डोळा गमावून घरी आली. मी रोज डबा न्यायचे. ती एकदाच म्हणाली, “मीनल, तुझे पडदे उघडे होते त्या दिवशी.” मग वरण छान झालंय म्हणाली. माझ्या भेकडपणाचा मला अजून संताप येतो.

तिच्या मुलीनं जाताना ती फ्रेम माझ्या हातात ठेवली. “आई म्हणाली होती, ही शेजारणीला द्यायची.”

मी तशीच गार्डा स्टेशनवर गेले. सुहासनं अडवलं नाही, गाडी त्यानंच चालवली. जबाबाखाली मी पूर्ण नाव लिहिलं. फ्रेम आता आमच्या ओट्यावर टांगली आहे, रोज चहा टाकताना समोर येते. ती शेजारीण दुसऱ्याच दिवशी साक्षीला गेली होती. मला पाच महिने लागले... आणि तोवर रूथ उरली नाही.