लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेलं व्हायोलिन

गेल्या रविवारी सकाळी आमच्या गोत्री भागातल्या घरात सगळ्यांचा चहा तसाच गार झाला... कारण माझा नवरा केदार कॉम्प्युटरसमोर डोक्याला हात लावून बसला होता.

आमच्याकडे एक जुना वाद आहे. घरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस, फायरवॉल वगैरे खरंच लागतं का? मी म्हणते लागतंच. केदारचं म्हणणं, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय... लाइटबिलं आणि लग्नातले फोटो!

पण होतं हो. माझे सासरे आता नाहीत. ते हौसेने व्हायोलिन वाजवायचे आणि सकाळचा रियाज कधीकधी टेप करून ठेवायचे. मध्येच कुकरची शिट्टी, खालून भाजीवाल्याची हाक, आणि मग बाबांचं "अगं, चहा झाला का?"... सगळं त्या कॅसेटमध्ये आलेलं. रियाज फार सुरेल होता असं मी म्हणणार नाही, पण बाबांचा आवाज आमच्याकडे तेवढाच उरलाय.

या हिवाळ्यात सासूबाईंनी त्या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. टेपरेकॉर्डरची वायर जोडायची आणि कॅसेट संपेपर्यंत विणकाम घेऊन समोर बसायचं. आईंनी आयुष्यभर शाळेत होमसायन्स शिकवलंय, त्यामुळे घाई नाही आणि पसाराही नाही. बऱ्याच फिती जुन्या होत्या... एकदा वाजल्या आणि तुटल्या. म्हणजे आता जे काही होतं ते कॉम्प्युटरमध्येच.

तर त्या रविवारी झालं असं. आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी एका काकांनी लेख पाठवला होता, तोही कुठल्या तरी जुन्या फॉन्टमध्ये. उघडला तर नुसती चित्रविचित्र चिन्हं! तुम्हीही कधी मंडळाचं काम केलं असेल तर हे दुखणं तुम्हाला माहीत असेल. काकांना 'पुन्हा टाइप करा' म्हणायची कुणाची हिंमत नाही.

केदारने तो फॉन्ट एका फुकटच्या साइटवर शोधून काढला. कॉम्प्युटरने ओरडून सांगितलं की ही फाइल धोकादायक आहे. साइटवर मात्र लिहिलं होतं, आधी अँटिव्हायरस आणि फायरवॉल बंद करा, मगच फॉन्ट टाका. आणि आमच्या हुशार माणसाने ते केलं! चोराने 'जरा कडी काढता का' म्हणावं आणि आपण काढावी, तसं.

थोड्या वेळाने एकेक फाइल उघडेनाशी झाली. नावंच बदलली सगळ्यांची. मग स्क्रीनवर पाटी आली... फाइली परत हव्या असतील तर पैसे भरा.

केदारच्या तोंडून एवढंच निघालं, "आई... बाबांचं सगळं गेलं."

आई आतून आल्या. आधी वायफाय बंद केलं, मग कॉम्प्युटरचा प्लग काढला. रडणं नाही, ओरडणं नाही. मग स्टूल घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या माळ्यावरून, वर्षाच्या लोणच्याच्या मोठ्या बरणीशेजारून एक डबा काढला. आत दादरा गुंडाळून ठेवलेली हार्ड डिस्क! दादरा म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधतात ते फडकं... तेच, धुऊन वापरलेलं.

आमच्याकडे मोठी बरणी फक्त आई उघडतात. रोजचं लोणचं छोट्या सटात काढलेलं असतं, बिघडलं तर तेवढंच बिघडावं म्हणून. बाबांच्या रेकॉर्डिंगचंही त्यांनी तेच केलं होतं, कुणाला न सांगता.

केदारने आनंदाने झडप घातली. प्लग लावून लगेच डिस्क जोडायला निघाला... आणि आईंनी त्याच्या हातावर चापट मारली. "ओला हात! आधी ते भांडं धुऊन कोरडं होऊ दे. मग काढून देईन."

मी बघतच राहिले. ती डिस्क त्या क्षणी त्या व्हायरस शिरलेल्या कॉम्प्युटरला जोडली असती तर उरलंसुरलंही गेलं असतं. हे त्यांना कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. ओला चमचा बरणीत गेला की काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं, बस्स.

दुसऱ्या दिवशी अलकापुरीतले रिपेअरवाले भाई आले. कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्याने तयार केला, अँटिव्हायरस आणि फायरवॉल चालू केलं. डिस्कची हकिगत ऐकून आईंना कौतुकाने गुजरातीत म्हणाले, "बा, तमे तो कमाल करी!" आईंनी त्यांना जाताना वाटीभर लोणचं बांधून दिलं... अर्थात छोट्या सटातलं.

संध्याकाळी रेकॉर्डिंग लावलं. व्हायोलिन, कुकरची शिट्टी, आणि मग बाबा... "अगं, चहा झाला का?"

स्वयंपाकघरातून आई पटकन म्हणाल्या, "हो हो, आणते."

मी मनात म्हटलं... आई, तुम्ही होतात म्हणून हा आवाज आज घरात आहे.

मग केदार उठला. डिस्कला पुन्हा दादरा गुंडाळला आणि माळ्यावर ठेवून आला... आधी हात कोरडे पुसून.