लांब धाग्याच्या कापसासाठी कैरो

बाबा भैंशा गावातल्या एका जिनिंग कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं कापसाची पारख करायचे. गाडी आली की मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, पुन्हा जोडून पुन्हा ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायची. निवृत्त झाल्यावर ते आणि माय आदिलाबादला माझ्याकडे राहायला आले. मी इथं बँकेत आहे.

मागच्या उन्हाळ्यात एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "मिसर किती दूर हाय?"

मला वाटलं, बातम्यांत इजिप्तचं काही ऐकलं असेल. पण ते म्हणाले, "नोकरीला लागलो तवापासून आयकत आलो. मिसरचा कापूस, लांब धागा. लोकायच्या तोंडून आयकला, हातात कदी आला नाही."

माझ्या रजा शिल्लक होत्या. मी म्हटलं, जाऊ.

"मी नाही येत," माय लगेच म्हणाली. "तिथं भाकर कोण देईन?"

मग संध्याकाळी संध्याकाळी मी आणि बाबा बेत आखू लागलो. उतरायचं कैरोला, वाळवंटाच्या काठावरच्या त्या जुन्या, प्रचंड शहरात. तिथून उत्तरेला दोन-तीन तासांवर नाईलच्या कालव्यांवरची कापसाची शेतं. सगळे प्रवासी थंडीत जातात. बाबांना ते पटेना. "थंडीत शेतात काय, वाळल्या पऱ्हाट्या पाहू?" वेचणी कधी असते ते त्यांनी मला फोनवर शोधायला लावलं आणि ऑक्टोबर ठरवला. तिथल्या उन्हाची मला धास्ती होती. तापमान वाचून दाखवलं तर हसले. आपल्या मे महिन्यापुढं ते काहीच नव्हतं.

कैरोच्या रस्त्यांचे व्हिडिओ बघून मात्र मी घाबरले. गाड्या थांबतच नाहीत, माणसंच त्यांच्यामधून वाट काढत पलीकडे जातात. बाबांचा उजवा गुडघा दुखतो. ते शांतपणे बघत राहिले आणि म्हणाले, "सीझनमदी भैंशाच्या बाजारात कापसाच्या बैलबंड्या लागल्या का असंच राह्यते. घाई नाही करायची, थांबायचंबी नाही."

पासपोर्टच्या कचेरीत वेगळीच अडचण आली. मशीनवर बाबांच्या बोटांचे ठसेच उमटेनात. तपासणाऱ्या मुलीनं त्यांचे अंगठे उलटसुलट करून पाहिले. गुळगुळीत होते, रेषा जवळजवळ नव्हत्याच.

"अंकल, काम क्या करते थे?" तिनं विचारलं.

"कपास खींचते थे," बाबा म्हणाले.

तिनं त्यांना हात धुवायला लावले, ओल्या रुमालानं पुसले, पुन्हा ठेवायला लावले. बाबा खाली मान घालून उभे होते. त्यांना इतकं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाचव्या खेपेला ठसा लागला. बाहेर आल्यावर आम्ही टपरीवर थांबलो. मग चहा पिताना म्हणाले, "मले वाटलं, मी मीच हाव हे आता कोनी मानतच नाही."

चौकशीला पोलीस घरी आला. कशाला जाताय, असं त्यानं तेलुगूत विचारलं. "पत्ती," बाबांनी सांगितलं. तेलुगूत पत्ती म्हणजे कापूस. तो चकित झाला. आदिलाबादचा माणूस कापूस बघायला देशाबाहेर निघाला होता.

पासपोर्ट हातात आले त्या दिवशी मी पूर्ण बेत वाचून दाखवला. पिरॅमिडसाठी अर्धाच दिवस होता. बाबा म्हणाले, "तेबी काढून टाक. दगडं काय पाह्यची?"

माय ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काढू नको. मले पाह्यचे हायेत."

कशासाठी, मी विचारलं.

"चौथीच्या पुस्तकात चित्र होतं," ती म्हणाली. "त्याच साली शाळा सुटली. गुरुजीनं सांगितलं होतं का आतमदी राजा ठेवलाय."

"मंग नाही काऊन म्हणत होती?" बाबांनी विचारलं.

"तुमी कापसाचं बोलून राह्यले होते. मले कोनी इचारलं?"

पिरॅमिडचा अर्धा दिवस पूर्ण दिवस झाला. मायचा पासपोर्ट काढला, तिची बोटं पहिल्याच खेपेला उमटली. तिकिटं झाली. परवा व्हिसाचे फॉर्म भरायला बसले. मायच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी सवयीनं 'गृहिणी' लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

"गावाकडचं, बाजारहत्नूरचं आपलं वावर कोनं केलं?" ती म्हणाली. "हे नोकरीपायी भैंशाले होते. पेरणी, निंदन, वेचणी, सारं मीच केलं का नाही?"

मी बाबांकडे पाहिलं.

"बरोबर बोलून राह्यली ते," बाबा म्हणाले. "शेतकरी लिव."

मी खोडून इंग्रजीत तसं लिहिलं. मायनं फॉर्म हातात घेतला, तो इंग्रजी शब्द कुठला ते मला बोट ठेवून दाखवायला लावलं, आणि मग खाली सही केली.