दारातली लाल-पिवळी वायर

दुष्काळात मराठवाडा सोडून आम्ही ठाणे शहराजवळ दिघ्याला दगडखाणीवर आलो. माझा नवरा खाणीत सुरुंग लावायचा. सुरुंग उडाला की दगडांत लाल-पिवळ्या वायरचे तुकडे उरायचे. आम्ही बायका ते वेचायचो, एकमेकांत पिळून दोरी करायचो आणि दारात बांधायचो. वस्तीतल्या प्रत्येक घराचं धुणं त्या वायरवरच वाळायचं. सुरुंगात भरायच्या जिलेटीनच्या रिकाम्या खोक्याचा तर आम्ही बाळाला पाळणा केला होता. फुकटची वस्तू, टाकायची कशाला?

त्या काळात तिकडं पंजाबात, दिल्लीत बॉम्ब फुटायचे. रेडिओवर रोज तेच, देशाची सुरक्षा सगळ्यात आधी. आम्ही एका नळासाठी अर्ज करून करून थकलो होतो. नळाला सरकारकडं पैसा नव्हता, पण खाणीच्या तोंडाशी पोलीस चौकी बघता बघता उभी राहिली. पाणी आम्ही डबक्यातलंच भरत राहिलो.

एका सकाळी खाणीच्या गोदामात जिलेटीन कमी भरलं आणि जीप वस्तीत आली. आमचं घर रस्त्याला लागून, म्हणून झडती आमच्यापासून.

"ही वायर कशाला?" साहेबानं विचारलं.

"कपडे वाळू घालाया, साहेब."

तो हसला. त्याचं ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. शिपायानं ओले कपडे मातीत टाकून वायर सोडवली. बाळाला उचलून माझ्याकडं दिलं आणि पाळणा जीपमध्ये चढवला. मागोमाग नवऱ्याला.

मी तान्ह्याला घेऊन चौकीच्या पायरीवर बसून राहिले, मग ठाण्याला वकील गाठला. तो म्हणाला, "ताई, हा नवा कायदा अतिरेक्यांसाठी केलाय. यात जामीन मिळणं फार अवघड. पण वस्तीत घरोघरी हीच वायर आहे, एवढं कोर्टाला दाखवता आलं तर आशा आहे."

एवढंच? मला हायसं वाटलं. धावतपळत वस्तीत आले, तर एकाही दारात वायर नाही. सगळं धुणं दगडांवर पसरलेलं. भीतीनं सगळ्यांनी वायरी काढून खाणीतल्या डबक्यात फेकल्या होत्या.

मी दारोदार फिरले. एक तुकडा तरी द्या, माझ्याबरोबर कोर्टात तरी चला. जिनं माझं बाळंतपण केलं ती शेजारची मावशी दारात आडवी उभी राहिली.

"कसली वायर गं, पोरी? आमच्यात नव्हती कधी."

तिलाही पोरं होती, हे मला कळत होतं. तरी मी तिला तोंडाला येईल ते बोलले.

कोर्टात पोलिसांनी वस्तीचे फोटो दाखवले. बघा, दुसऱ्या कुठल्याच घरी अशी वायर नाही. जामीन नामंजूर झाला. आपला माणूस आता परत येत नाही, असं मला वाटलं. बेड्या घातलेला नवरा बाहेर नेताना क्षणभर माझ्याजवळ थांबला.

"का गं, बाकीच्यांच्या वायरी कुठं गेल्या?"

"काढल्या समद्यांनी."

तो म्हणाला, "मग आता कपडे कुठं वाळू घालतेस?"