रेकॉर्डिंगमधला माझा आवाज

माझी धाकटी जाऊ घरबसल्या पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते. एक पाय मशीनवर आणि फोन स्पीकरवर. गॅसवाले असोत, फ्रिजवाले असोत, कंपनी आधी सांगतेच, ‘आपला कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो.’ आपण ते ऐकून सोडून देतो. ही म्हणते, “हो का? मग मीही करतेय बरं का. चालेल ना?” पलीकडचा गडबडतो. कुणी हो म्हणतं, कुणी फोनच ठेवतं. ठेवला की ही परत लावते.

“न सांगता केलं तर काय बिघडतं?” भावजींनी एकदा विचारलं.

“कुठे एकाची परवानगी पुरते, कुठे सगळ्यांची लागते. मी दोन वकिलांना विचारलं, दोघांनी दोन तऱ्हा सांगितल्या. विचारून केलं की वादच नको.”

तेव्हापासून घरात ती वकिलीणबाई. सासूबाई येईल-जाईल त्याला तिचं कौतुक ऐकवतात. मी या घरात इतकी वर्षं राबले, माझं कौतुक कधी उंबऱ्याबाहेर गेलं नाही. देव मला क्षमा करो, पण माझ्या पोटात दुखायचंच.

माझ्या वाट्याची एकच गोष्ट होती. संध्याकाळी सासूबाईंना स्तोत्रं वाचून दाखवायची. तेवढा वेळ त्या फक्त माझ्या असायच्या. त्यांच्या कानातलं यंत्र बंद पडलं आणि तेही गेलं. मी घसा फोडून वाचायची, त्या गोड हसून मान हलवायच्या, भलत्याच ठिकाणी.

जावेने कंपनीला फोन लावला. नेहमीसारखी परवानगी घेतली. तिथला माणूस म्हणाला, “वॉरंटीत आहे, नवीन देऊ.” यंत्र पाठवलं, तर पुढच्या फोनवर दुसराच कुणी. “आत पाणी गेलंय. नवीन देऊ असं आमच्याकडून कुणी म्हणालंच नाही.”

“तुमचं रेकॉर्डिंग ऐका की.”

“ते सापडत नाही, मॅडम.”

“माझं सापडतं,” जाऊ म्हणाली.

सगळे जेवणाच्या टेबलाशी जमले. तिने फोन मधोमध ठेवून रेकॉर्डिंग लावलं. ‘हो मॅडम, नवीन देऊ’ हे स्पष्ट आलं, आणि त्याच्या पाठोपाठ, तितकाच स्पष्ट, मोरीपाशी ह्यांच्याशी बोलतानाचा माझा आवाज. ‘भरलं कोर्ट! ही उद्या देवालाही विचारेल, रेकॉर्ड करू का म्हणून. सरळ शिवण येत नाही आणि म्हणे वकिली!’

हे पेल्यात बघत राहिले. भावजी उगाच खोकले. सासूबाई मात्र एकेकाचं तोंड बघत विचारत होत्या, “काय म्हणाला तो?”

जावेने फोन बंद केला. तिचे कान लाल झाले होते. “ताई, त्या माणसाला मी विचारलं होतं. तुम्हाला नव्हतं विचारलं. तुम्ही नको म्हणालात तर नाही पाठवणार.”

“तेवढं कापून टाक ना.”

“कापलं तर म्हणतील, जोडजाड केलीय. पाठवायचं तर अख्खंच.”

तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. इतकं ऐकूनही ही आपली सरळच. त्याचीच जास्त आग झाली. मी नको म्हटलं असतं तर तिची वकिली तिथंच आपटली असती. शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात सासूबाईंनी स्तोत्रांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि शेजारची खुर्ची थोपटली. वाचायची वेळ झाली होती. ऐकू येत नसलं तरी.

“पाठव,” मी म्हटलं. “आणि खाली लिही, शिवणीचं ते खोटं आहे.”

“कंपनीला काय करायचंय ताई माझ्या शिवणीचं?” म्हणत ती हसली.

नवीन यंत्र आलं. मी स्तोत्र वाचलं, सासूबाईंची मान बरोबर जागी हलली. संपताच त्यांनी हाक मारली, “वकिलीणबाई, तुझ्यामुळे ऐकलं गं हे!”

पुन्हा पोटात दुखलंच. मी पान उलटलं आणि पुढचं स्तोत्र जरा मोठ्याने वाचायला घेतलं.