वर कोण हाय का?

दुपारची जेवणं आटोपली की हौसाबाईंच्या डोळ्यांवर झापड येते. तिला झोप म्हणायची सोयच नाही. डावा पाय झोपू देईल तर शपथ. मणक्याचं ऑपरेशन झालं, सरकलेली गादी जागेवर आली म्हणतात, पण पायातली आग काही गेली नाही. कमरेपासून अंगठ्यापर्यंत चुलीतलं जळतं लाकूड फिरवावं तशी ती फिरते. लुगड्याचा काठ पायाला लागला तरी बाई कळवळते. देव झाले, वैद्य झाले, गोळ्यांनी पोट बिघडलं. आता तिचं देवाकडं एकच मागणं आहे, उचल म्हणून.

शेवटचा उपाय मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितला. पाठीतून मणक्याजवळ दोन बारीक तारा सरकवल्या, बाहेरची टोकं कमरेच्या पट्ट्यातल्या डबीला जोडली आणि हातात रिमोट दिला. तारेतून हलका करंट जाईल, दुखण्याची वर्दी डोक्यापर्यंत पोचायची नाही, असं त्यांनी समजावलं. आठवडाभर वापरून बघा, गुण आला तर मशीन कायमचं कातडीखाली बसवू, नाही आला तर तारा काढून टाकू. उद्या आठवडा संपतो. हौसाबाई रोज पोराला सांगते, काडीचा फरक नाही. पोरगं तोंड पाडून कामावर जातं.

खरी गोष्ट अशी, की मशीन बंद आहे. पहिल्या दिवशी दवाखान्यात पायात झिणझिण्या उठल्या तशी बाई गार पडली. घरी आल्या आल्या तिनं बटण दाबून ते बंद केलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. तिचा नवरा शिदू वायरमन करंट लागूनच गेला होता. उसाच्या रानातल्या खांबावरच. ज्यानं कुंकू पुसलं त्याला पाठीत घर करून द्यायचं? जीव गेला तरी नाही.

रिमोट मुठीत धरून ती कूस बदलते. पाठीखाली गादी लागत नाही. उसाच्या सरीतली ओली माती लागते.

आश्चर्य असं की तिला त्याचं आश्चर्य वाटत नाही. न्हाणीघराच्या दारातच लाइटीचा खांब उभा आहे. तिच्या पाठीतल्या दोन तारा उसावरनं लोंबत थेट वरपर्यंत गेल्यात, आणि वर पट्टा आवळून, पक्कड तोंडात धरून शिदू बसलाय. खाकी शर्टाची वरची गुंडी तुटलेलीच आहे. ती लावायची राहून गेली होती.

"अहो," ती हाक मारते.

तो पक्कड खिशात घालतो. "पाय लई दुखतोय व्हय गं?"

इतक्या दिवसांत असं कुणी विचारलं नव्हतं. सगळे फरक पडला का तेवढं विचारतात. हौसाबाईला रडू फुटतं.

"मला न्या तुमच्याबरोबर. माझ्यानं आता सोसवत न्हाई."

"खांबावर एकच माणूस चढतो, हौसा."

खांब आता दवाखान्याच्या लांब बोळात आहे. दोन्ही बाजूंच्या बाकड्यांवर उसाचं पाचट पडलंय. हौसाबाई उभी आहे, पायाला जमीन सोसत नाही, तरी उभी आहे. ती त्याला भांडून सांगते, की ज्यानं तुम्हाला खाल्लं तेच हे लोक माझ्या अंगात सोडायला बसलेत. तो नेहमीसारखा सगळं ऐकून घेतो. जिवंतपणीही भांडणात कधी मध्ये तोंड घालायचा नाही.

मग म्हणतो, "मला करंटनं मारलं न्हाई. न इचारता फ्यूज घातला, त्यानं मारलं."

ते तिला ठाऊक आहे. शिदूची रीतच होती. काम काढलं की खांबाखालच्या डबीतला फ्यूज उपसायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. ज्यानं लाइन बंद केली त्यानंच ती चालू करायची. आणि घालण्याआधी खांबाखाली उभं राहून मोठ्यानं विचारायचं, वर कोण हाय का. 'न्हाई' असं उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही. त्या एका दिवशी घाई होती, म्हणून फ्यूज त्यानं दुसऱ्याच्या हातात दिला, आणि शिदू वर असतानाच त्या माणसानं तो न विचारता घातला.

"तुला तर डाक्टरनं इचारलंय," तो म्हणतो. "लाइन बंद तू केलीस. चालूबी तूच करायची. मला न्हाई यायची करता."

मग तिच्या तोंडून ते निघतं, जे तिनं पोरालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"कशी करू? तुम्ही अजून वर हायसा की."

शिदू खिशातनं चिनी मातीचा फ्यूज काढतो आणि हात लांबवून तिच्या मुठीत देतो. फ्यूज उन्हात ठेवल्यासारखा गरम आहे. ती मूठ घट्ट आवळते. तो पट्टा सोडवायला लागतो.

"म्हणून तर सांगतोय," तो म्हणतो. "आधी इचार."

एक पाय खाली येतो, मग दुसरा. तो जमिनीला टेकलेला काही तिला दिसत नाही.

डोळे उघडतात तेव्हा पंखा फिरतोय आणि पाय जळतोय. तीच आग, जिथल्या तिथं. रिमोट उशीपलीकडं पडलाय. मूठ मात्र गच्च आवळलेली आहे. हौसाबाई बोटं एकेक करून सोडवते. मूठ रिकामी आहे, पण तळव्यात फ्यूजच्या खाचा लालभडक उमटल्यात, वर दोन पितळी टोकांचे वळ. ती अंगठ्यानं चाचपून बघते. दुखतंय.

ती रिमोट ओढून घेते, उठून बसते, आणि छातीत होतं नव्हतं तेवढं बळ लावून विचारते,

"वर कोण हाय का?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबतो. सून पल्लवी कपडे वाळत घालायला माडीवर जात-येत असते. तिला वाटतं, सासूबाई तेच विचारताहेत.

"नाही आई, वर कुणी नाही," ती आतूनच सांगते.

हौसाबाई डोळे मिटते. किती वेळ तरी तशीच थांबते, पुन्हा एकदा ऐकू यावं म्हणून. मग खाचा उमटलेल्या हातानंच ती बटण दाबते.