गिअरबॉक्सवर पडलेल्या अक्षता

वडिलांमागे पनवेलचं गॅरेज मी चालवायला घेतलं, तेव्हा लोक फाटकातूनच विचारायचे, "मिस्त्री कुठायत?" मी हातातला पाना खाली न ठेवता सांगायची, "बोला, तुमच्यासमोरच उभ्या आहेत." माझा स्वभाव तिखट आहे, नाकारत नाही. पण गिअरबॉक्स उघडला की मी एकदम मवाळ होते, असं आई म्हणते, आणि तेही खरंच आहे.

त्या वर्षी मोहल्ल्यातला एक कारागीर आमच्याकडे येऊन बसू लागला. शारजात त्याने वाळूवर पळणाऱ्या दांडग्या गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधले होते. सुट्टीवर आला होता आणि परत जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याची लेक त्याला "फोनवाले अब्बा" म्हणायची. पण इथे थांबून करायचं काय? ऑटोमॅटिक गाड्या तेव्हा आमच्याकडे मोजक्याच, आणि बिघडल्या की अख्खी पेटी, म्हणजे गिअरबॉक्सच बदला, एवढंच उत्तर मिळायचं.

अशात करंजाचा एक बोटवाला आपली मोठी ऑटोमॅटिक गाडी घेऊन आला. हौसेने त्याने इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती. "इंजिन वरडतंय, पन गाडी सरकत नाय," तो म्हणाला. नवी ताकद पेटीतल्या क्लचप्लेटींना पेलत नव्हती, त्या घसरत होत्या.

कारागिराने गाडी चालवून पाहिली आणि मला म्हणाला, "ताई, ही पेटी मी बांधतो. भरल्या गाडीने खंडाळ्याचा घाट चढली, तर मी इथंच राहतो, आपण मिळून हेच काम करू. नाय चढली, तर दिवाळीआधी मी विमानात."

"चढेल," मी म्हटलं. न चढायला काय झालं?

ते दिवस फार मजेचे गेले. पेटीचा एकेक भाग काढून आम्ही रॉकेलने धुतला. जाड पोलादी चकत्यांऐवजी पातळ बसवल्या आणि वाचलेल्या जागेत एक जास्तीची क्लचप्लेट घातली, म्हणजे पकड वाढते. नव्या प्लेटी साबुदाण्यासारख्या तेलात भिजत घातल्या. तेलाचा दाब वाढवायला कडक स्प्रिंग बसवली. तो शिकवायचा, मी वाद घालायची. बोटवाला रोज फोन करायचा, "झाली का?" उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही, फक्त पूजा. आईने पाने, हातोड्या, जॅक, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातले. पेटीचा मेंदू म्हणावा असा तेलाच्या बारीक वाटांचा जोड टेबलावर फडक्याखाली झाकून ठेवला होता. आईने फडकं उचललं. "यानेच काय पाप केलंय?" म्हणत त्यालाही हळदकुंकू आणि वर मूठभर अक्षता! दुसऱ्या दिवशी आम्ही पाकळ्या आणि तांदूळ झटकले, हवा मारली, पुसलं आणि पेटी बसवली.

कर्नाळ्याच्या रस्त्यावर चाचणी घेतली. पहिला गिअर झकास, दुसरा त्याहून झकास. तिसरा पडेचना. इंजिन नुसतं किंचाळत राहिलं. परत आल्यावर कारागिराने हात धुतले आणि तो पायरीवर बसला. "हात विसरला वाटतं माझा," एवढंच म्हणाला. मला रडू येत होतं, म्हणून मी त्याच्यावर खेकसले, "आधी खालची ट्रे तर काढा!"

ट्रे काढली, तेलाच्या वाटांचा जोड उतरवला, सुटा केला. एका इवल्या झडपेखाली तांदळाचा दाणा अडकला होता. कुंकवाने लाल झालेला, तशाच लाल तेलात भिजलेला, दिसणार कसा? त्याने तो तळहातावर घेतला आणि हसू लागला. हसता हसता जमिनीवरच बसला.

"मावशी, शारजात पेटीत वाळू घुसायची. तांदूळ पहिल्यांदाच बघतोय!"

आई ओशाळली, पण हरेल तर शपथ. "मग काय पूजेशिवाय पाठवायची होती?"

घाटाच्या दिवशी बोटवाला गाडीत अख्खी भावकी कोंबून आला. "भरल्या गाडीनं, तुमीच बोललेव ना!" मी कशीबशी मागच्या सीटवर घुसले. कारागीर पुढे बोटवाल्याशेजारी बसला, रस्त्याकडे न बघता, गिअरच्या आवाजाकडे कान लावून. खोपोली सुटली, चढण लागली. तिसरा पडला. वळणावर दुसरा, पुन्हा तिसरा, लोण्यातून सुरी फिरावी तसा. मागे कुणीतरी गाऊ लागलं. कारागिराच्या ओठांवर मात्र नुसती पुटपुट चालू होती.

वर पोचल्यावर त्याने बॉनेट उघडलं, गेजची पट्टी काढून तेल हुंगलं. करपल्याचा वास नव्हता, म्हणजे प्लेटी घसरल्या नव्हत्या. ती पट्टी त्याने माझ्या नाकाशी धरली आणि मी भर रस्त्यात टाळ्या पिटल्या. भावकी नाचायलाच लागली.

तो बाजूला जाऊन घरी फोन लावत होता. मला ऐकू आलं.

"बॅग रिकामी कर."

पलीकडून बायको इतक्या मोठ्याने बोलली की तेही ऐकू आलं.

"ती मी कवाच केली!"